आवाजाची सरळ वाट

२ नोव्हेंबर २००९, उस्मानपुरा, औरंगाबाद

आले एकदाची. नागपूरपासून बसमध्ये शेजारच्या बाईंनी आपल्या सुनेची यथेच्छ निंदा केली आणि मी ती मन लावून ऐकली, त्यामुळं रस्ता कधी संपला कळलं नाही. मीनाक्षीनं दार उघडलं आणि माझ्या खांद्याच्या जरा वर, भिंतीकडं बघून हसली. मी "आले गं" म्हटल्यावर तिचा चेहरा बरोबर माझ्याकडं वळला. काचबिंदूनं माझ्या या धाकट्या बहिणीची दृष्टी गेल्या वर्षी पूर्ण गेली. तिचे यजमान अनंतराव त्याआधीच गेले. मला वाटलं होतं, घरात रडारड असेल. उलट तीच म्हणाली, ताई, तुझा आवाज अजून टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावरचाच आहे, खाली रिक्षावाल्याला झापत होतीस ते इथं तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द ऐकलं.

ऐकू येणारच. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझे उच्चार घासूनपुसून घेतले आणि पुढं टेलिफोन खात्यात अर्ध्या विदर्भाची बोलणी मी या घशानं जोडून दिली. आता सुपरवायझरबाई निवृत्त. उरलेलं आयुष्य बहिणीजवळ. संध्याकाळी मीनानं स्वतः चहा केला, कपाच्या काठाशी बोट धरून अंदाज घेत. उत्तम झाला होता. मी खूश आहे. हे लिहून ठेवते, कारण माझ्या डायरीत हे वाक्य फारसं येत नाही.

६ नोव्हेंबर

मीनाचा एक हट्ट कळला. तिला कुणी हात धरलेला चालत नाही. कामाला येणाऱ्या द्वारकाबाईंनी मला बाजूला घेऊन तक्रार केली, की बाई लई ताठ हायेत, न्हाणीपाशी दंड धरला तर म्हन्ल्या, मी काय बैल हाय का, दावं धरून न्यायला. मला हसू आलं. हे आमच्याच घरातलं.

मग आम्ही दोघींनी एक रीत बसवली. तिला जिथं यायचं असेल तिथं मी आधी जाऊन उभी राहते आणि बोलत राहते. विषय काहीही: पेपरमधली बातमी, खालच्या मजल्यावरच्यांची पोरं, भाज्यांचे भाव. ती माझ्या आवाजाच्या रोखानं सरळ चालत येते, हात न पसरता, मान वर करून. आज जिनासुद्धा उतरलो. मी पुढं, बोलत, ती मागं. वर्षभरात तिनं पहिल्यांदा रस्त्यावर पाऊल ठेवलं. खाली पोचल्यावर म्हणाली, ताई, आता तू गप्प बसायचं नाहीस हं कधी.

जन्मात मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर

दुपारी मीना झोपते आणि मी भिंतींशी भांडते, म्हणून अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटी कंपनी आहे. त्यांना स्वच्छ उच्चारांची व्यक्ती हवी होती. मालक श्रीधर म्हणून चाळिशीचा इंजिनिअर. माणूस सभ्य, पण शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मी तो दाखवला. तो म्हणाला, मॅडम, उद्यापासून या.

काम असं. मोबाइलवर बोललेलं एका वाटेनं जात नाही. एक सरळ वाट असते, बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडं. बाकीच्या शेकडो वाटा भिंतींवर, टाक्यांवर, बसच्या पत्र्यावर आपटून उशिरा पोचणाऱ्या. त्या एकमेकींना जोर देतात तेव्हा आवाज खणखणीत. एकमेकींच्या आड येतात तेव्हा आवाज उभ्या जागी नाहीसा, आणि एक पाऊल सरकलं की परत हजर. याला फेडिंग म्हणतात. यंत्रं घेऊन गावभर हिंडण्याऐवजी हे लोक कम्प्युटरातच गाव बांधतात, क्रांती चौक, जालना रोड, सगळं, आणि त्यातून एक आवाज सोडून बघतात, कुठं बुडतो. तो आवाज माझा. माइकसमोर वाक्यं वाचायची, मग तीच वाक्यं त्या खोट्या गावातून फिरून आली की हेडफोनवर ऐकायची आणि किती कळलं ते सांगायचं.

आवाज बुडतो त्या जागेला मी खड्डा म्हणते. श्रीधर म्हणाला, एकदा आकडे दिले की तोच खड्डा रोज त्याच जागी येतो. मी म्हटलं, यात नवीन काय, आमच्या घरापुढच्या रस्त्याचंही तेच.

२५ नोव्हेंबर

आज श्रीधरशी वाजलं. त्यांची वाक्यं शिशुवर्गातली. "बदक तळ्यात पोहते" हे मी या वयात किती वेळा म्हणायचं? मी सांगितलं, मी माझी वाक्यं आणीन, घरात बहिणीशी बोलते ती. आणि दुसरं, तुमच्या त्या गावात आमचं घर घाला. आमच्या बैठकीत मोबाइल मुका होतो, आधी ते सुधारा, मग जगाचं बघा.

तो चाचरत म्हणाला, मॅडम, आमच्यात पद्धत आहे, आवाज खऱ्या माणसाचा असेल तर जागा त्याची घ्यायची नाही. का, ते त्याला सांगता येईना. ज्यांच्याकडं तो शिकला त्यांनी घालून दिलेला नियम म्हणे. ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही तो नियम नव्हे, सवय. आणि सवयी मोडता येतात. हे मी त्याला इंग्रजीतही सांगितलं, म्हणजे शंका नको. शेवटी कबूल झाला. बिचाऱ्याला माझ्याशी वाद घालण्याचा सराव नाही.

२ डिसेंबर

परवा श्रीधर मोजायची टेप घेऊन घरी आला, भिंती मोजल्या. बोलणारी मी, ऐकणारी मीना, असं धरलं. मीनाच्या खुर्चीची जागासुद्धा टिपून घेतली. मीनानं त्याला चिवडा दिला आणि विचारलं, आमच्या ताईचा आवाज तुमच्या मशीनला झेपतो का. तो म्हणाला, झेपत नाही, म्हणून तर अभ्यास करतोय. दोघं हसली. मीही हसले, उशिरानं.

आज दुपारी हेडफोनवर मी मला ऐकलं, मीनाच्या खुर्चीत बसून ऐकावं तसं. स्वयंपाकघराच्या दारातून बोललेलं स्पष्ट. तिथून बैठकीत येताना, दिवाणाच्या टोकापाशी, एक खड्डा. पूर्ण. श्वाससुद्धा नाही. मग पुन्हा मी.

८ डिसेंबर

या गावातल्या दुकानदारांना म्हातारी बाई दिसत नाही का? क्रांती चौकात औषधाच्या दुकानात मी मीनाचे डोळ्यांचे थेंब मागितले. माणूस माझ्याकडं बघत उभा. पुन्हा मागितले. तो मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, बोला साहेब. मी काउंटरवर हात आपटला तेव्हा दचकला आणि म्हणाला, आजी, काय पायजे ते बोला तर खरं, नुसतं तोंड काय हलवता. आजी! दोन पावलं सरकून मी त्याला जे बोलले ते त्याला नीट ऐकू गेलं. थेंब मिळाले. संताप अजून उतरलेला नाही.

१३ डिसेंबर

आज मी मीनाला जेवायला बोलावत होते. स्वयंपाकघरातून निघून बैठकीत येत, बोलत बोलत. ती खुर्चीतून उठून माझ्याकडं निघाली आणि मध्येच थांबली. दोन्ही हात पुढं पसरले तिनं. मी तिला हात पसरलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, ताई, बोल ना. मी बोलतच होते. तिच्यापासून हातभर अंतरावर. "अगं, ही काय, समोर आहे," मी म्हणाले, ओरडले. ती म्हणाली, ताई, असली थट्टा करू नकोस.

मी एक पाऊल मागं झाले. ती लगेच वळली, म्हणाली, हां, आता आलीस.

मी दिवाणाच्या टोकापाशी उभी होते.

१५ डिसेंबर

कानाच्या डॉक्टरांकडं मीनाला नेलं. कान चांगले आहेत. माझा घसा दाखवला. घसाही चांगला. डॉक्टर म्हणाले, दोघी बहिणी एकट्या राहता, वयाप्रमाणं होतं असं. काय होतं, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. ऐकू न आल्यामुळं की विचार न केल्यामुळं, हे मला कळायला मार्ग नाही. सगळ्यात भयंकर हे आहे. आमच्या वयाच्या बाईचं बोलणं लोकांच्या कानावरून असंच जातं. खड्डा कोणता आणि उर्मटपणा कोणता, मी कसं ओळखणार?

घरात मात्र ओळखता येतं. मीना उर्मट नाही. आज न्हाणीच्या दारात आवाज गेला. जिन्याच्या वळणावरही गेला; ती पायरीवर एक पाय हवेत धरून उभी राहिली, मी हात धरला तर किंचाळली.

१७ डिसेंबर

कंपनीत जाऊन आमच्या घराचं सिम्युलेशन पुन्हा ऐकलं. दिवाणाचं टोक. न्हाणीचं दार. जिन्याचं वळण. हेडफोनवर मी जिथं बुडते, तिथंच घरी बुडते. आज एक नवा खड्डा ऐकू आला, मीनाच्या पलंगाजवळ. घरी येऊन मुद्दाम तिथं उभी राहिले, तिचं नाव घेतलं. ती उशीच्या अभ्र्याला गाठ मारत होती. मान वर केली नाही.

यांनी घरावरून खोटं घर बनवलं. आता खरं घर त्याच्यावरून चाललं आहे.

१९ डिसेंबर

श्रीधरला सांगितलं. तो आधी हसला, मग हसला नाही. मी त्याच्या टेबलासमोर उभी राहून मोठ्यानं बोलत होते आणि तो माझ्या ओठांकडं बघत होता, हेडफोन एका कानाला लावून. म्हणाला, मॅडम, तुम्ही आत्ता बोललात ते मला इथं ऐकू आलं, माइक तर बंद आहे.

मी बजावलं: माझं घर काढ, आत्ता, माझ्यादेखत. तो म्हणाला, थोडं थांबू, आधी बघू काय होतंय. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मी हात जोडले नाहीत, मी हुकूम केला. त्यानं काढलं. पडद्यावरून आमचं घर गेलं.

येताना रिक्षात मला हलकं वाटत होतं.

२० डिसेंबर

मीनाला माझा आवाज येत नाही. घरात कुठंही नाही.

श्रीधरला फोन केला. त्याला नुसती खरखर. चिकलठाण्याला गेले, कागदावर लिहून विचारलं. त्यानं पडद्याकडं बघून सांगितलं. घर काढलं, त्याबरोबर माझ्यापासून मीनापर्यंतची सरळ वाट गेली. आपटून येणाऱ्या वाटा शहराच्या इतर भिंतींच्या आहेत. त्या सगळ्यांच्या आवाजात मिसळलेल्या. त्या निवडून काढता येत नाहीत. घर परत घालता येईल का? त्यानं सकाळपासून तेच केलं होतं. घर बसतं, वाट उमटत नाही. तो रडकुंडीला आला होता. मला त्याला झापायचं होतं. झापलं. त्याला कुठं ऐकू आलं.

२३ डिसेंबर

उशिरा पोचतंय. मी स्वयंपाकघरात काही म्हणते, आवाज नाही. मग बऱ्याच वेळानं तेच शब्द जिन्यातून. किंवा शेजारच्या भिंतीतून. माझाच आवाज, खणखणीत.

द्वारकाबाई भांडी घासत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी, तोंड मिटलेलं. आणि मी बाहेरून बोलले, की पातेल्याचं बूड नीट घासा. ते मी सकाळी म्हटलं होतं. द्वारकाबाईंनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हात न धुताच निघाल्या. जाताना मीनाला म्हणाल्या, बाई, तुमची बहीण बाहीर बोलायली, मंग ही घरात कोन हाय? मी नाय येनार आता.

मीनानं ते ऐकलं.

२४ डिसेंबर

मीनाच्या तळहातावर बोटानं लिहिलं. "मी भानू." ती शिकलेली आहे, अक्षरं तिला कळली. हात ओढून घेतला. म्हणाली, भानू बाहेर आहे, मला तिचा आवाज येतो, तू कोण आहेस? पुन्हा लिहिलं. आईचं नाव लिहिलं. बाबांची जालन्याची शाळा लिहिली. ती ऐकल्यासारखं करत राहिली, मग अगदी हळू म्हणाली, हे सगळं तू तिच्याकडून काढून घेतलंस.

मग तिनं विनवलं, मला ताईकडं जाऊ दे.

२६ डिसेंबर

बोलणं बंद केलं आहे. एक शब्द नाही. म्हणजे पुढं पोचायला काही उरणार नाही, असा हिशेब. पण जवळजवळ दोन महिने मी या घरात बोललेच आहे. तिला हाका मारल्या, चालवलं, जिना उतरवला, कंपनीच्या माइकवर तीच वाक्यं म्हटली. ते सगळं अजून गावातल्या भिंतींवर आपटत फिरतंय. एकेक येतंय.

शेजारच्यांना चिठ्ठी लिहून बोलावलं. त्यांनी मीनाला विचारलं, काय त्रास आहे. ती म्हणाली, घरात कुणीतरी बाई आहे, बोलत नाही, हात धरते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. त्यांनी दार ओढून घेतलं. नंतर बाहेर कुजबुज. एकजण म्हणत होता, पोलिसांना सांगावं का.

२८ डिसेंबर

दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात. जिन्यातून मी तिला बोलावत होते, सकाळपासून. ती दाराला डोकं टेकून उभी. म्हणत होती, आले ताई, थांब, ही सोडत नाही.

तिला जेवण भरवायला गेले. चावली.

३० डिसेंबर

श्रीधरच्या कंपनीत जाऊन आले. शटर खाली. शेजारच्या शेडमधला माणूस म्हणाला, साहेब आजारी, बोलता येत नाही म्हणे त्यांना. मला काय म्हणायचं होतं ते त्यानं विचारलं नाही.

परत आले तर मीना जिन्याच्या बाजूचं दार सोडून आत गेलेली. आता आवाज गॅलरीतून येतो. समोरच्या इमारतीवर आपटून, गॅलरीच्या पलीकडून. मोकळ्या हवेतून. मलाही आला. किती छान बोलत होते मी. बातम्या सांगत होते. इकडं ये म्हणत होते—

गॅलरीच्या दाराला कुलूप बसत नाही. कडी आतून आहे.

३१ डिसेंबर

कडी दोरीनं बांधली. ती सोडवते. पुन्हा बांधली—

भर दुपार आहे. खाली रस्त्यावर माणसं आहेत. गॅलरीत उभी राहून हातवारे केले. एका माणसानं हात हलवला, हसला.

१ जानेवारी

दोरी तिनं दातांनी तोडली. आता ती जमिनीवर बसली आहे, दारापाशी. ऐकते आहे. मी तिच्यामागं. तिचा पदर माझ्या डाव्या मुठीत. उजव्या हातानं लिहिते. नंतर कुणी चौकशी केली तर हे इथं असावं: हाक मी मारली नाही. मी तोंड मिटून बसले होते. मी तिला धरलं होतं.

ती हसली. किती दिवसांनी. उठून मान वर केली तिनं. हात पसरले नाहीत. ती आता मुळीच घाबरलेली नाही—

मी बोलते आहे बाहेर, कठड्याच्या पलीकडून. मीना, सरळ—

मी ओरडले. आत्ता. सगळा जोर लावून, थांब म्हणून ओरडले. ते कधी पोचेल—

पदर मुठीत आहे अजून. पण त्याला ओढ नाही, तो नुसता—